फाइंडिंग क्रमांक सात

काय काम करतेस असं कोणी विचारलं तर
मी सांगते, पाट्या लिहिते.
या गावाला ते लगेच कळतं.
फक्त माझ्या पाट्यांना पॉलिसी म्हणतात,
त्या सदतीस पानांच्या असतात
आणि शेवटच्या पानावर सही करणाऱ्याने
पहिलं पान वाचलेलं नसतं.

खराडीत, सहाव्या मजल्यावर
एका कंपनीचं सर्टिफिकेट अडकलं होतं.
आयटी हेड फडतरे छातीठोकपणे म्हणाले,
आमच्याकडे कार्डाशिवाय चिटपाखरूही आत येत नाही.
म्हणून एका सोमवारी मी चिटपाखरू झाले.
दोन्ही हातांत बाकरवडीचा खोका, हनुवटीखाली फायली,
आणि चेहऱ्यावर उशीर झाल्याचा तो भाव
जो नगर रोडने मला फुकट दिला होता.

सोपान लोंढे उठले.
स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला.
"सावकाश, ताई," म्हणाले
आणि स्वतःच्या कार्डाने, टुक्,
दार उघडून धरलं.
खोक्याचा कोपरा घासू नये एवढा वेळ धरलं.
सर्व्हर रूम कुठे, मी विचारलं,
तर चार पावलं चालत दाखवायलाही आले.

लिहायला मला अकरा मिनिटं लागली.
अनधिकृत प्रवेश. पुरावा: फोटो तीन.
शक्यता पाच, परिणाम चार,
पाच चोक वीस. लाल.
चौकोन लाल झाला की
वरची माणसं खुर्चीत पुढे सरकतात.
आपुलकीला रकाना नव्हता.
मी शोधला, खरंच शोधला.
"इतर शेरे" होता,
पण छापताना तो अर्धा कापला जातो.

माणूस हाच साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा,
ही स्लाइड मी इतक्यांदा दाखवली आहे
की तिच्यावरचं कुलपाचं चित्र आता मला झोपेतही दिसतं.
सगळे मान डोलावतात,
शेजारच्याकडे बघून.

कोणाचं नाव नको, मी फडतऱ्यांना म्हटलं,
प्रक्रिया सुधारा.
हो हो, प्रक्रियाच, ते म्हणाले.
त्या दारावर एका शिफ्टला एकच प्रक्रिया बसते.
तिला दोन मुली आहेत, वाघोलीत भाड्याची खोली आहे
आणि महिन्याच्या सातव्या तारखेला
ठेकेदाराच्या मर्जीने पगार होतो.

तीन महिन्यांनी परत गेले, फाइंडिंग मिटवायला.
लोंढे होते. हुश्श झालं.
स्टूल नव्हतं.
माझा उजवा हात प्लास्टरमध्ये
(स्कूटर, चांदणी चौक, जाऊ दे),
बॅग डाव्या खांद्यावरून घसरत होती.
त्यांनी मला ओळखलं. ओळखलं हे मलाही कळलं.
"कार्ड," ते म्हणाले.
ताई नाही.
हात पाठीमागे बांधून बघत राहिले,
एकोणिसाव्या पानावर मीच लिहिलंय तसे.
शेवटी दातांनी चेन उघडली, कार्ड काढलं, टुक्,
आणि कोपराने दार ढकललं.
ते दार इतकं जड आहे
हे मागच्या वेळी कळलंच नव्हतं.

नियंत्रण प्रभावी, डाव्या हाताने टाइप केलं.
विसाचे चार झाले. हिरवा.
फडतऱ्यांनी चहा मागवला, वर क्रीमरोल,
पुढच्या वर्षीचंही तुम्हीच बघा म्हणाले.

निघताना लोंढे रजिस्टरात काहीतरी लिहीत होते,
मान वर केली नाही.
बाहेर पडल्यावर मी दार लगेच सोडलं नाही.
मागून कोणी येत नव्हतं.
तरी धरलं, बऱ्या हाताने, जरा वेळ,
तर वर बझर केकाटायला लागला.
दार फार वेळ उघडं राहिलं की तो वाजतो.
तोही माझाच.
फाइंडिंग क्रमांक नऊ.