मार्चचं झाकण

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात
बत्तीस वर्षं मी लोखंड कातलं.
लोखंड दिल्या शब्दाला जागतं.
मायक्रोमीटरनं पन्नास म्हटलं की पन्नास,
घरी जा, झोपा, सकाळी या,
पन्नासच.

लाकडाचं तसं नाही
हे संखेड्याच्या रमणीकभाई खराद्यांनी सांगितलं,
मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या महिन्यात.
माझी पहिली डबी त्यांनी बघितलीसुद्धा नाही,
नुसती बोटांत फिरवली :
"गोळ तो छे. पण आज पूरती."
आठवड्यानं कॅलिपर लावला.
रेषांच्या अंगानं होती तेवढीच,
आडव्या अंगानं दीड सूत आखडलेली.
अंडं.

आता घाई करत नाही.
ठोकळा ओबडधोबड कातायचा, पोट पोखरायचं
आणि माळ्यावर ठेवून द्यायचा.
दर रविवारी स्वयंपाकघरातला काटा मागून आणतो,
बुडावर पेन्सिलीनं लिहितो :
दोनशे बारा. दोनशे चार.
दोनशे एक.
दोनशे एक.
वजन उतरायचं थांबलं की लाकूड शांत झालं
असं समजायचं.
समजायचं म्हणजे काय, मानून घ्यायचं.

अठ्ठावीस ऑगस्टला फोन.
दांडिया बाजारातल्या शैलजाबाई खानविलकर.
"मोहिते, तुमची डबी उघडत नाही."
शिसवाची, दिवाळीत नेलेली.
झाकण काढताना पुक् वाजायचं,
तेवढं एक ऐकून नेली होती त्यांनी,
रंग न विचारता, भाव न करता.
"आत काय आहे?"
"कपाटाची किल्ली."
"दुसरी नाही का?"
"आहे ना."
मग जरा थांबून,
"कपाटात."

नॅपकिनात गुंडाळून आणली.
मुलानं पकड लावून पाहिली होती,
काठावर दातांचे वळ.
झाकण पाव वळसा फिरलेलं :
डबीच्या रेषा स्टेशनकडं,
झाकणाच्या सुरसागरकडं.
एक इकडून फुगलं, दुसरं तिकडून,
आणि दोघं एकमेकांत रुतून बसलेली.
बाई म्हणाल्या, इस्त्री फिरवू का?
म्हटलं, हात जोडतो.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना,
चुन्यावर जाळी, जाळीवर डबी,
वरून घट्ट झाकण, चिकटपट्टी.
चार दिवस.
रोज संध्याकाळी फोन, दवाखान्यात करावा तसा :
"कशी आहे?"
"एक ग्रॅम उतरली."
"आज?"
"आणखी एक. पडून आहे."

पाचव्या दिवशी सकाळी
अंगठ्यानं काठ धरला, रेषा रेषेला आणली,
ओढलं नाही, नुसतं
वर यायला सांगितलं.
पुक्.

"आता थोडं घासून सैल करून द्या," बाई म्हणाल्या.
सैल करीन. पण मग मे महिन्यात
डबी उचलाल तर झाकण हातात, डबी जमिनीवर.
बारा महिने नीट बसेल असं झाकण
मला येत नाही, रमणीकभाईंना येत नव्हतं.
"तुम्हीच सांगा, कोणत्या महिन्यात बसायला हवंय?"

थट्टेत विचारलं होतं.
बाई खुर्चीत बसल्या, चष्मा काढला,
खरंच विचार केला.
"मार्च," म्हणाल्या.
"मार्चमध्ये बँकेचे कागद लागतात.
बाकीचं वर्ष मी सांभाळून घेईन."

संघाड्यावर चढवली. एक केस काढला,
फार तर दीड.
आतल्या काठाला दोन ठिपके दिले, समोरासमोर,
ठिपक्याला ठिपका ठेवायचा, एवढंच ध्यानात ठेवा.
बुडाखाली बारीक अक्षरात लिहिलं : मार्च.

कपाटातली दुसरी किल्ली
त्या माझ्याकडं ठेवून गेल्या.
लोखंडाची आहे.
संघाड्याच्या वरच्या खिळ्याला टांगलीय,
भुसा बसतो, फुंकून टाकतो.
ना फुगते, ना आखडते.
तिला नुसता गंज चढतो.