बंद पडलेली तार

ऑर्कनीच्या दोन बेटांमधला टेलिफोन गेला,
तार राहिली तळाशी, शिंपल्यांनी मढलेली.
एर्लंडने तिच्या टोकांना मीटर लावलाय:
खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकातून धावतं,
एवढ्यावरच वीज जागी होते.

उधाणाला काटा उजवीकडे कलंडतो,
सहा तासांनी डावीकडे.
भांगाला नुसता चुळबुळतो.

जेमायमा इस्बिस्टर, जुन्या एक्स्चेंजवाली,
थर्मास घेऊन येते, विचारते, ‘आज काय म्हणतेय?’
याच तारेतून तिने एका रात्री
बुडालेल्या बोटीची बातमी पलीकडे दिली होती,
आणि पलीकडून बराच वेळ नुसती खरखर.

पाणी थबकलं की काटा शून्यावर यायला हवा.
येत नाही.
केसभर अलीकडेच राहतो.
एर्लंड म्हणतो, इलेक्ट्रोडचा दोष, वजा करायचा.

जेमायमा थर्मासचं झाकण फिरवत बसते.
‘राहू दे की,’ म्हणते, ‘तेवढं.’