बिजागरी

इद्वल पहिल्या दिवशी करवत हातात देत नाही.
एक खुंटी देतो आणि म्हणतो, जा,
शेंडा जिथे टेकावा असं वाटतं तिथे रोव.
मग मागे ये, खोडाला पाठ लाव आणि बघ,
झाडाला पटतंय का.

वेल्सच्या या खोऱ्यात आम्ही सहा जण शिकतो.
मी लौरी, चौतीस वर्षांची,
सोमवार ते गुरुवार जंगलात,
शनिवारी दुसऱ्यांची सुट्टीची घरं पुसायला.
नेरिस, कोंबड्यांच्या कारखान्यातून काढलेली.
मॅक्सेन, त्याची बायको सहा महिन्यांची गरोदर.
बाकी तिघं पोरं.
त्यांनी शाळा सोडली की शाळेनं त्यांना,
यावर अजून वाद आहे.

लार्च आजारी आहे.
सालीतून काळपट डिंक गळतो,
आणि पाठोपाठ सरकारी पत्र येतं :
मेच्या आत सगळी पाडा.
नव्वद एकर.
म्हणजे लाकूडही कुजकंच का, नेरिस विचारते.
इद्वल कुऱ्हाडीनं एक ढलपी काढून तिच्या तळहातावर ठेवतो.
दुखणं सालीचं. आत तांबूस गाभा, ठणठणीत,
साठ वर्षं पावसात उभा राहून
पाऊस पचवलेला.

असलं लाकूड आजवर ओंडक्यांनीच गेलं बंदराकडे,
आणि आमच्या छपरांना वासे आले
समुद्रापलीकडून.
हे सांगताना तो चिडत नाही. थर्मास उघडतो.

मशीन सुरू करण्याआधी
इद्वल कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतो.
त्यापुढे बोलायचं ते हातांनी.
आधी खाच, पडायच्या बाजूला,
कलिंगडाची फोड काढावी तशी.
मग मागून काप. पण आरपार नाही.
मध्ये दोन बोटं लाकूड राखायचं.
त्याला बिजागरी म्हणतात.
कापलंस म्हणून झाड पडेल, 
कुठे पडेल ते न कापलेलं ठरवेल.
पाचर मारणं म्हणजे कुणाचं तरी काम अडवणं,
एवढंच मला ठाऊक होतं.
इथे पाचर मारली
की अडलेलं झाड वाटेला लागतं.

माझं पहिलं खुंटीपासून अडीच हात लांब पडलं.
इद्वलनं चहा ओतला. कपभर शांतता.
चौदाव्याने खुंटी अशी ठोकली
की आम्ही ती अजून शोधतोय.

शाळेच्या बंद पडलेल्या पटांगणात आता गिरणी.
फळ्यांच्या थप्प्या, दोन फळ्यांमध्ये काडी,
म्हणजे वारा आत शिरून मोजून जाईल.
डिंक नखांतून निघत नाही.
आईच्या घरामागे माझा कॅराव्हॅन,
त्यातल्या उशीलाही त्याचा वास.

जानेवारीत गावात अकरा खिडक्यांत उजेड.
बाकी घरांच्या किल्ल्या
भिंतीवरच्या छोट्या पेट्यांत, आकड्यांमागे.
त्यातल्याच एका घरात
परवा फरशी पुसता पुसता
दिवाणखान्याची तुळई बोटानं वाजवून पाहिली.
पोकळ. वर लाकडाचा रंग.
बादली हातात घेऊन एकटीच हसत राहिले,
मग आरसा पुसला.

चॅपेलमागे आमच्या लाकडाची सहा घरं उभी राहिली.
यादीत माझा नंबर सातवा.
घर पाहावं बांधून म्हणतात.
बांधून पाहिलं, दुसऱ्याचं.
मॅक्सेनचं दार मी बसवलं,
तीन बिजागऱ्या, नऊ नऊ स्क्रू.
त्यानं दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं,
मग खाली वाकून म्हणाला,
इथे फट राहिलीय, लौरी.
राहिली नाही, मी म्हटलं, ठेवलीय.
हिवाळ्यात लाकूड फुगेल.

त्याला पटलं का माहीत नाही.
बाळ आत रडायला लागलं, तो गेला.
सोमवारी ओढ्यापलीकडचा पट्टा पाडायचाय.
पत्रावर लिहिलंय, चाळीस एकर.
मी नवी खुंटी तासून ठेवलीय.