चुना

त्या दिवशी आम्हाला ड्रेसिंग रूममध्ये बसवलं.
आठ वर्षांत पहिल्यांदा
त्या बाकांवर टेकलो आम्ही,
एरवी पुसायलाच जात होतो.
माझ्या डोक्यावर नऊ नंबरचा हूक,
इंदूबाई सयाम गोलकीपरच्या जागी,
आणि स्वयंपाकी जनार्दन ठवकर
दोन डिफेंडरांची जागा एकटाच अडवून.

साहेब मुंबईहून आला होता. पोरगाच.
त्याच्या बुटांना आमच्या काळ्या मातीची सवय नव्हती,
पावलागणिक किलो-किलो घेऊन आत आला
आणि इंदूबाईचा जीव फरशीत अडकला.

तो म्हणाला, पुनर्रचना.
म्हणाला, टीम आता पुण्याला सराव करेल.
म्हणाला, तुम्ही आमचं कुटुंब आहात,
आणि यादी काढली.
सतरा जण.
कुटुंबातली माणसं त्यानं आडनावावरून वाचली.

"फाऊल तरी सांगा जी," इंदूबाई म्हणाली,
"कोन्ता झाला आमच्याकून?"
साहेबानं पाण्याची बाटली उघडली.
प्यायला नाही. बंद केली.

माझं काम चुन्याचं.
हिंगणघाट रस्त्याला, जिथे आधी सोयाबीन होतं,
तिथे मे महिन्यात जमीन तोंड वासते,
भेगेत पोराचा हात कोपरापर्यंत जातो.
मुरूम घालून, वाळू घालून, रात्र रात्र पाणी पाजून
ती बुजवली आम्ही, तेव्हा कुठे
सतरंजीसारख्या वळकट्यांतून गवत आलं ट्रकनं.
निंदणाला निघालेल्या बाया थांबल्या, पदर तोंडाला लावून हसल्या:
"गवत इकत आनते म्हने! आन् आपन मजुरीनं उपटतो!"

पहाटे चारला मी दोरी ताणायचो.
सत्तेचाळीस डिग्रीच्या गावात
सराव आठच्या आत संपवावा लागतो.
एकशे पाच मीटर लांब, अडुसष्ट रुंद.
मधल्या वर्तुळाला खुंटी, दोरी,
आणि श्वास धरून चालणं.
दहावी नापास माणसाचं वर्तुळ
कधी चुकलं नाही.
एकदा बकरीनं पेनल्टीचा ठिपका चाटून नेला, तेवढंच.
एकदा घानाचा तो लांब पायांचा स्ट्रायकर
"लाइन, गुड" म्हणाला
आणि माझा पांढरा हात हातात घेतला त्यानं.
बाकी रेघेकडे कोण बघतं?
चेंडू बाहेर गेला की बघतात.

दोन महिन्यांचा पगार, एक प्रमाणपत्र,
प्रत्येकाला एक जर्सी, आठवण म्हणून.
इंदूबाईनं जर्सी उलटी केली, काखेतली शिवण पाहिली.
"मांगच्या बुधवारी मीच धुतली हे," म्हणाली
आणि घडी घालून पिशवीत ठेवली,
घडी मात्र नेहमीसारखीच, नंबर वर.

गावात पानठेल्यावर म्हणाले,
चुना लावला तुम्हाले कंपनीनं.
सगळे हसले. मी नाही.
चुना मी लावला आहे आठ वर्षं.
सरळ लावला आहे.

शेवटच्या दिवशी दुपारी
कुणी सांगितलं नसताना पुन्हा सगळं मारलं.
उरलेलं पोतं कुणासाठी ठेवायचं?
मग निघालो, तर समोर टचलाइन, ओली.
तिच्यावर कधी पाय दिला नव्हता.
वळसा घालावा तर
चारही बाजूंनी मीच बंद केलेलं.
गुडघा धरून लांब टांग टाकली.
टाच टेकली की नाही, मागे वळून पाहिलं नाही.

गेटवर वासुदेव नेवारे, यादीत तेरावा,
रजिस्टर उघडून बसलेला.
नाव. सही. बाहेर जाण्याची वेळ: सहा दहा.
पुढचा रकाना परत येण्याचा.
तिथे त्याचं पेन थांबलं.
"काय लिवू?"

मी म्हटलं, तू निघशील तेव्हा तुझं कोण लिहिणार?

त्यानं जरा विचार केला,
टोपी काढून टेबलावर ठेवली,
पेन माझ्याकडे सरकवलं.
"थांब मंग," म्हणाला,
"माहं तू लिव."