शेवटचा भाग, चेंबर नंबर चार

चोविसावा भाग संपला तेव्हा तीन चाळीस.
सावद्यातली कुत्रीसुद्धा थकून गप्प.
बाहेर मे महिना अजून भिंतींतून निघत होता,
आत अठरा अंश,
आणि नऊशे क्रेट हिरवी केळी
कुणी न सांगता पिवळी होत होती.
कुणी न सांगता नाही. गॅस मीच सोडतो.

नावं वर सरकत गेली जपानी अक्षरांत,
एकही वाचता येत नाही मला,
तरी शेवटच्या नावापर्यंत बसून राहिलो,
ओळख नसलेल्याच्या मयतीतही
कवटी फुटेपर्यंत थांबतो आपण, तसा.

गोष्ट एका वेशीची.
गावात ताप, वेशीबाहेर ताप,
अन् अडसर सोळा वर्षांच्या पोराच्या हातात.
दुसऱ्याच भागात तो अडसर घालतो.
बाहेर एक्केचाळीस माणसं.
त्यातलं एक जण त्याला नावाने हाका मारत राहतं
पहाटेपर्यंत.
पुढचे बावीस भाग त्याला कुणी शिक्षा करत नाही.
गाव जगतं. बारशाला बोलावतात त्याला.
आणि तो रोज रात्री जाऊन
अडसराला तेल लावतो.

नवव्या भागापर्यंत मी त्याला शिव्या घातल्या.
दहाव्यात त्याच्या बाजूने झालो.
पंधराव्यानंतर जेवण गेलं नाही,
भरीत डब्यात तसंच घरी नेलं,
आई म्हणे, काय झालं रे तुले?
काय सांगू.
कार्टून पाहिलं, आई.

शेवटी फार काही होत नाही.
बाहेर राहिलेल्या एकीची बहीण त्याच्या दारात येते.
तो एक केशरी फळ कापतो, अर्धं तिला देतो.
ती खाते. बी अंगणात थुंकते.
संपलं.
माफ केलं? की नुसती भूक होती?
तीनदा मागे नेऊन तिचं तोंड पाहिलं.
काहीच काढलेलं नाही तिथे, दोन रेघा फक्त.

ते फळ मला माहीत आहे. म्हणजे त्याच्या जातीचं.
आपल्या सातपुड्यातलं टेंभुर.
पालच्या जंगलातून बाया आणतात बाजाराला,
सुरमीही आणते.
सुरमी म्हणजे रेलसिंग बारेलाची बायको.
रेलसिंग म्हणजे

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, गाडी भरताना
क्रेटची थप्पी ज्याच्या पायावर आली, तो.
शेठ चांगला माणूस आहे,
दवाखान्यात पहिला पैसा त्यानेच भरला.
फक्त म्हणाला, रजिस्टर तूच लिहितो ना भो?
मी लिहिलं:
सदर इसम त्या रात्री कामावर नव्हता.
सहा शब्द.
माझं अक्षर शाळेपासून चांगलं.
विमावाले आले, वाचून गेले.
चेंबर चालू राहिलं, तीस-पस्तीस घरांच्या चुली
चालू राहिल्या, त्यात आमची.

गेल्या बाजारात सुरमीकडून टेंभरं घेतली.
पाचशेची नोट ठेवली आणि घाईने निघालो.
ओ दादा, तिने मागून हाक मारली.
कनवटीतून, मग शेजारणीकडून,
चारशे साठ रुपये जमवले
आणि माझ्या तळहातावर मोजले, दहा-दहाच्या नोटा,
ओल्या, दुमडलेल्या.
ओळखते की नाही मला, कळलं नाही.
तिच्याही तोंडावर दोनच रेघा.

टेंभरं तुरट निघाली. कच्ची असावीत.
घरात कुणी खाल्ली नाहीत.

चार वाजले. दार उघडलं,
गोडसर गार वास अंगावर आला.
चेंबर चार, अठरा पॉइंट दोन. लिहिलं.
मग कपाटातून जुनं रजिस्टर काढलं,
फेब्रुवारीपर्यंत पानं उलटत गेलो.
ओळ आहे जागेवर.
काना, मात्रा, सगळं नीट.
कुठे खाडाखोड नाही.

गॅस जाऊ नये म्हणून
दाराला बाहेरून लोखंडी दांडा असतो.
तो सरकवला.
कुरकुरतोय हल्ली.
तेल मागतोय.