उतणं

बिब्बा अंगावर उतला
की दोन दिवस काही दिसत नाही.
परीक्षेत हे पाच मार्कांना होतं:
काळं तेल कातडीत मुरतं,
शरीर त्याला शत्रू समजतं,
आणि उशिरा, फार उशिरा
स्वतःवरच धावून येतं.

बोधडीच्या उपकेंद्रात मंगळवारी
गोडंबी फोडणाऱ्या बाया येतात.
हाताला राख, राखेखाली डाग,
डागाखाली कातडी आहे की नाही
हे विचारायचं मला धाडस नाही.
लोक कामात बिब्बा घालतात,
इथं बिब्ब्यातच काम आहे.

जैतूबाई आत्राम सगळ्यात मागं बसते.
मी म्हटलं, हातमोजे दिले होते ना?
"घातले व्हते की बाई.
बी सटकती, गोडंबीचा चुरा व्हतो,
चुऱ्याला शेठ निम्मेच पैसे देतो.
मोजे नातवानं फुगवले,
पाच बोटांचा फुगा, लई हसला."

मी म्हटलं, फोडातल्या पाण्यानं पसरत नाही,
तेलानं पसरतं.
म्हणून साबण लावा, लगेच,
नखांच्या आतूनसुद्धा.
लुगडं वेगळं धुवा.

ती म्हणाली, "तेलानं पसरतंय, ते ठाव हाय.
म्हणून तर लेकरू जवळ आलं
की आमी हात मागं बांधतो."

मग निघताना पायरीवर तिचा तोल गेला
आणि तिनं माझं मनगट धरलं.
तेवढंच.

गुरुवारी रात्री खाज.
शुक्रवारी उजाडताना
चार लाल पट्टे आणि एक अंगठा.
पाच मार्कांचं उत्तर
तिच्या हाताच्या मापाचं.

कॅलामाइन लावलं, गुलाबी, गार,
वाळून त्याचे पोपडे झाले.
ओलं फडकं ठेवलं, काढलं, ठेवलं.
खाजवायचं नाही, खाजवायचं नाही,
हे मी किती जणींना
पेन बंद करता करता सांगितलंय.

पुढच्या मंगळवारी तिनं पाहिलं.
स्वतःचा पंजा माझ्या मनगटावर धरला,
वीतभर वर, न टेकवता.
"माजाच हाय," म्हणाली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.

ओच्यातून खोबऱ्याचा तुकडा काढला,
कागदात मूठभर तीळ.
"मी शिवत न्हाई.
तूच चाव, तूच लाव."

मी चावलं. तोंडात गोड, मग तेलकट.
मनगटावर लावलं.
खरं सांगायचं तर
खाज होती तेवढीच होती.
पण ती समोर बसून
फुंकर घालत राहिली, लांबून,
आणि माझं नख
त्या जागेकडे गेलं नाही.

संध्याकाळी रजिस्टर भरलं.
रुग्णाच्या रकान्यात माझंच नाव,
कारण: बिब्बा.
उपचार: कॅलामाइन,
इथं स्वल्पविराम दिला,
थोडी थांबले,
आणि खोबरं लिहिलं.