डावा खिसा

दिवसाला सातशे डावे खिसे शिवते मी.
फक्त डावे.
उजवे पुलेंग शिवते, पलीकडच्या ओळीत.
आमच्या दोघींच्या मधून निळ्या पँटी वाहत जातात
समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी मांड्यांसाठी.
आख्खी पँट कशी उभी राहते
ते दोघींपैकी एकीनेही पाहिलेलं नाही.

ईस्टरच्या आधी गावी गेले
तेव्हा मामोलेफे भिंत सारवत होती.
शेण, तांबडी माती, कोपरापर्यंत भरलेले हात.
ओल्या गिलाव्यावर ती जेवणाचा काटा ओढते,
एक दात मोडलेला, तिच्या लग्नातला.
एका खेपेला तीन रेघा.
एका चौकोनात उभ्या, शेजारच्यात आडव्या,
मग पाकळी, आणि पाकळीला पाठ लावून पाकळी.

आम्ही याला लितेमा म्हणतो.
नांगरटीच्या शब्दातूनच निघालेला हा शब्द.
पुरुष खाणीत गेले होते त्या वर्षांत
बायकांनी शेतंही नांगरली
आणि भिंतीही.

मी लहानपणापासून त्या भिंतीला टेकून बसलेय.
पाठीवर रेघा उमटायच्या, आई हसायची.
त्या दिवशी पहिल्यांदा वळून पाहिलं.

माफेतेंगच्या दुकानात मी साधं तपकिरी कापड मागितलं.
दुकानदार म्हणाला, बिनछापाचं? आजारी आहेस का?
मी कापडाच्या कडेला जीभ लावली, खळ खारट लागली,
म्हणजे कापड खरं.
साडेचार मीटर. पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं.

घरचं मशीन हाताने फिरवायचं.
कारखान्यातलं मला पळवतं,
हे मी थांबले की थांबतं,
आणि पहिल्या रविवारी मी नुसती थांबतच होते.
काय शिवायचं ते सांगायला कुणी नव्हतं.

कारखान्यात दुहेरी सुई, दोन रेघा.
मी तिसरी घातली, मोडक्या काट्याच्या मापाने.
उभ्या, आडव्या, पाकळी.
एक बाही तीनदा उसवली.
पुलेंग म्हणाली, लिनेओ, बाजारात तयार झगा मिळतो,
निम्म्या पैशात.
मिळतो, म्हटलं.

जूनमध्ये बाजू जोडायला घेतल्या
आणि डाव्या कुशीत नक्षी जुळेना.
पुढची पाकळी मागच्या पाकळीपासून चार बोटं खाली.
कात्री माझीच चुकली होती.
झगा गुंडाळून मामोलेफेकडे नेला,
वाटलं, हळहळेल.
तिने तो उलटापालटा केला, नाकाशी धरला,
मला हाताला धरून घराला वळसा घालून नेलं.

माझीही कुठेच जुळत नाही, म्हणाली,
चार भिंती फिरून आलं की शेवटी
वीतभर उरतं नाही तर वीतभर कमी पडतं.
मग?
मग काय, तिथे दार ठेवते.

मी दाराकडे पाहिलं. पत्र्याचं, हिरवं.
चाळीस वर्षं त्यातून सगळे ये-जा करतायत.

त्या रात्री मी एक डावा खिसा शिवला.
त्या दिवसातला सातशे एकावा,
पण पहिल्यांदाच माहीत होतं
यात हात कुणाचा जाणार ते.
आतून जुन्या घोंगडीचा तुकडा लावला,
मऊ, धुराच्या वासाचा.

सोमवारी थेत्सानेच्या फाटकावर रांग.
मालोतीवर बर्फ, तोंडातून वाफ.
पहारेकरीण सगळ्यांना चाचपते,
जाताना, येताना, रिळ नाही ना, सुई नाही ना.
तिने माझ्या खिशात हात घातला.
आत काहीच नव्हतं.

तरी हात काढला नाही तिने लगेच.
मागून कुणीतरी ओरडलं, आटपा की.
ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
ऊब आहे गं आत,
आणि अजून थोडा वेळ
शोधत राहिली.